मदत हवी आहे: अडगळीच्या खोलीतला कुबट वास आणि पोपडे

जुन्या बैठ्या घरातली अडगळीची खोली आहे, चार बाय तीन फूट, खिडकी नाही. एक भिंत बाहेरची, एक न्हाणीघराला लागून. दोन्हींवर खालच्या दीड-दोन फुटांत पोपडे आणि पांढरी पूड, फळ्यांमागे काळी बुरशी. विटांची भिंत, चुन्याचा गिलावा, वर ऑइलपेंट. पुट्टी, वॉटरप्रूफ रंग आणि नव्या फळ्या असा बेत आहे. चालेल का? प्लाय कोणता घ्यावा?

प्रतिसाद १
पुट्टीचा डबा अजून उघडू नका. ओल आतून येत असेल तर वॉटरप्रूफ रंग तिची वाट अडवतो, मग ती आणखी वर चढते आणि रंगासकट गिलावा सोडवते. दोन्ही भिंतींवर हातभर जागेतला ऑइलपेंट गिलाव्यापर्यंत खरवडा (रंगावर ही चाचणी फसते). तिथे दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून ४८ तास ठेवा. थेंब प्लास्टिकच्या मागे आले तर ओल भिंतीतली, पुढे आले तर खोलीतल्या हवेतली.

प्रतिसाद २
न्हाणीघराची गळतीही तपासा. सगळे नळ बंद असताना पाण्याचा मीटर हलला तर दाबाची लाइन गळते. सांडपाण्याची गळती मीटरवर कळत नाही. त्यासाठी जाळीचे तोंड कापडी बोळ्याने बंद करा, इंचभर पाणी साठवून पेन्सिलने खूण करा आणि रात्रभर ठेवा. पाण्यात थोडा रंग टाकला तर तो कुठे फुटतो तेही दिसते.

धागाकर्ता
न्हाणीघराच्या भिंतीवर थेंब मागे, बाहेरच्या भिंतीवर पुढे. साठवलेले पाणी सकाळपर्यंत अर्धा इंच उतरले.

प्रतिसाद ३
म्हणजे दुखणी दोन आहेत. आधी न्हाणीघरातल्या फरशीच्या फटी आणि जाळीभोवतालचा सांधा उकरून नव्याने भरून घ्या आणि पाण्याची चाचणी पुन्हा करा. पाणी उतरायचे थांबल्याशिवाय खोलीतल्या गिलाव्याला हात नको.

नंतर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा काढा. उघड्या विटांवरची पांढरी पूड, म्हणजे लोणा, कोरड्या ब्रशनेच झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा विटेत जातात. बुरशीचे नेमके उलटे: कोरडी घासली की तिचे बीजाणू घरभर उडतात, म्हणून एन-९५ मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. ब्लीचने डाग फिका पडतो, पण सच्छिद्र गिलाव्यात आतली बुरशी राहते. ब्लीचमध्ये ॲसिड तर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

नवा गिलावा सिमेंटचा नको. १ भाग चुना, ३ भाग वाळू, एका थराला १० मिमीच्या आसपास. खालचा थर घट्ट झाल्यावरच दुसरा. त्यावर चुन्याच्या सफेदीचे तीन पातळ हात. ऑइलपेंट उरलेल्या भिंतींवरूनही उतरवा. ओली वीट महिन्याभरात वाळेलच असे नाही, इथेच बहुतेकांची घाई नडते.

प्रतिसाद १
बाहेरच्या भिंतीवरचे थेंब हवा कोंडल्याचे आहेत. दाराला खाली आणि वर जाळीच्या झडपा करा, म्हणजे हवा फिरेल. मात्र बाहेरची हवा दमट असेल त्या दिवशी दार सताड उघडून उपयोग नाही. आर्द्रतामापक ठेवा, आकडा ६० टक्क्यांखाली राहायला हवा. आणि तिथली पूड पाहता खालून जमिनीची ओलही असू शकते, तेव्हा सफेदीआधी प्लास्टिक पुन्हा लावून बघाच.

प्रतिसाद २
फळ्यांसाठी अखंड प्लायपेक्षा अर्धा इंच फट सोडून बसवलेल्या लाकडी पट्ट्या बऱ्या. प्लायच हवा तर बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणाऱ्या चिकटाचा), कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात. पाणी कडांतूनच शिरते. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) फुगतो, नकोच. भिंतीपासून इंचभर, जमिनीपासून सहा इंच अंतर ठेवा.

धागाकर्ता
ओल शोषणारे डबे ठेवू का?

प्रतिसाद ३
काम झाल्यावर, जोडीला. त्यातले कॅल्शियम क्लोराइड ओल शोषून खारे पाणी होते. डबा तळाशीच ठेवा, वर लवंडला तर खालचे लोखंडी सामान गंजेल. डांबराच्या गोळ्यांनी वास फक्त झाकला जातो.