संगमरवरी ओट्यावर पांढुरके ठसे: दुरुस्तीला कुणाला बोलवावं?

प्रेषक: मेधा, ग्लेन वेव्हर्ली

नमस्कार मेलबर्नकर मंडळी,

गणपतीच्या धावपळीत हा घरगुती प्रश्न टाकतेय, रागावू नका. आम्ही घेतलेल्या घरात स्वयंपाकघराचा बेंचटॉप संगमरवरी आहे. पांढरा, करड्या रेषांचा, दिसायला सुरेख. सिंकच्या बाजूला पूजेची तांब्या-पितळेची उपकरणी चिंचेनं घासली जातात, तिथे पांढुरके ठसे उमटलेत. उजेडात तिरकं बघितलं की निस्तेज दिसतात, आणि बोट फिरवलं तर जरा खरखरीत लागतं. शिवाय देवघरासमोरच्या फरशीवर समईच्या तेलाचा काळपट डाग आहे.

दोघांकडून कोट घेतला. पहिला म्हणतो, सगळं स्वच्छ करून सीलर मारतो, दहा वर्षं बघायला नको. दुसरा म्हणतो, मशीन लावावं लागेल, आणि पैसे पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट. आमच्याकडे साहजिकच पहिल्याकडे मत झुकतंय. कुणाला अनुभव?

मेधा

प्रेषक: अनिरुद्ध, बॉक्स हिल

मेधा, पहिल्याला चहा पाजून निरोप दे.

पुण्यात आमचा फरशीचाच धंदा होता, म्हणून जरा लांबण लावतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चिंच, लिंबू, कोकम, व्हिनेगर, ताक, काहीही आंबट पडलं की दगडाचा वरचा पातळ थर विरघळतो आणि तिथलं पॉलिश जातं. तुझे ठसे दगडावर बसलेले नाहीत, तिथला दगडच खाल्ला गेलाय. ते पुसून निघणार नाहीत, ब्लीचनं तर नाहीच.

सीलर दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतो आणि तेल, हळद, चहा आत मुरायला वेळ लावतो. पुसायला सवड मिळते, एवढंच त्याचं काम. आंबटाला तो अडवत नाही. म्हणजे ठशांवर सीलर मारला तर ठसे जागच्या जागी, आणि दहा वर्षांची हमी कसली ते त्यालाच माहीत.

समईचा डाग हे उलटं प्रकरण. तिथे पॉलिश शाबूत आहे, पण दगड तेल प्यायलाय. त्याला मशीन नको, लेप लागतो. पांढऱ्या मातीची किंवा खाण्याच्या सोड्याची पूड ॲसिटोनमध्ये कालवून जाडसर थापायची, वरून प्लॅस्टिक चिकटवून २४ तास ठेवायची, मग प्लॅस्टिक काढून पूर्ण वाळू द्यायची. वाळताना लेप तेल वर ओढतो. जुना डाग एका खेपेत जात नाही. हळदीचा किंवा चहाचा असता तर ॲसिटोनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड. हे घरी करता येतं, फक्त ॲसिटोन चटकन पेट घेतं, तेव्हा समई विझवून आणि खिडक्या उघडून!

आता दुसऱ्या माणसाला फोन करून चार गोष्टी विचार. कितव्या नंबरच्या घासायच्या पॅडपासून सुरुवात करणार (नंबर लहान तितका पॅड खरखरीत)? पाणी लावून घासणार ना? फक्त ठसे घासणार की ओट्याची सगळी पट्टी? आणि शेवटी चकचकीत ठेवणार की मॅट? नीट काम करणारा म्हणेल, आधी बघू किती खोल आहे, मग २०० किंवा ४०० च्या डायमंड पॅडवरून चढत ८००, १५००, ३०००, आणि शेवटी पॉलिशिंग पावडर. आपल्याकडे पॉलिशवाला मशीनला दगड लावून नंबरानं घासत जायचा आणि शेवटी ऑक्झॅलिकची पूड टाकून चमक आणायचा, तोच क्रम. नंबर गाळले तर चमक येते, पण आडव्या उन्हात भोवऱ्यासारखे ओरखडे दिसतात.

आणि पूर्ण कामाला हो म्हणण्याआधी एका कोपऱ्यात वीतभर जागा करून दाखवायला सांग. खरा कारागीर याला कधी नाही म्हणत नाही.

अनिरुद्ध

प्रेषक: सौरभ, पॉइंट कुक

काका, माझ्याही ओट्याचा एक टवका उडालाय, पण आमचा संगमरवर आहे की क्वार्ट्झाइट की आणखी काही, हेच नक्की नाही. आधीच्या मालकानं 'नॅचरल स्टोन' एवढंच सांगितलं. मेधाच्या त्या दुसऱ्या माणसालाच बोलावू का?

प्रेषक: अनिरुद्ध, बॉक्स हिल

आधी दगड ओळख. सिंकच्या भोकाची कड आतून बघ, तिथे व्हिनेगरचा एक थेंब टाक. बुडबुडे आले तर चुनखडीच्या जातीचा, म्हणजे संगमरवर, ट्रॅव्हर्टिन वगैरे. आले नाहीत तर दगडाच्या खालच्या कडेनं काचेच्या जुन्या बाटलीवर रेघ ओढून बघ. क्वार्ट्झाइट आणि ग्रॅनाइट काच ओरखडतात, संगमरवर नाही. खालची बाजू एकसारख्या दाण्यांची आणि नक्षी फक्त वरवर असेल तर तो कारखान्यातला क्वार्ट्झ, खडीचा चुरा आणि रेझिन. तसं असेल तर गायत्रीला विचार, तिचा विषय आहे.

टवका भरायला दगडाच्या रंगाचं इपॉक्सी घालतात आणि वाळल्यावर पात्यानं सपाट करतात. पण सिंकजवळ बारीक तडा असेल तर नुसता भरून घेऊ नको. खालचं कपाट खचलंय का, ओट्याला पुढे आधार नाही का, ते पाहायला सांग. कधी कधी मजबुतीसाठी दगडाखाली लोखंडी सळी घातलेली असते, ती गंजून फुगते आणि दगड फोडते. ज्यानं कारण न बघता रेझिनची नळी काढली, त्याच्याकडून काम करून घेऊ नये.

प्रेषक: गायत्री, कॉबर्ग

सौरभ, तो कारखान्यातला निघाला तर जपून. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून इंजिनिअर्ड स्टोनचे बेंचटॉप, पॅनेल आणि स्लॅब बनवायला, विकायला, बसवायला बंदी आहे. जगात सगळ्यात आधी इथेच आली. कारण सिलिका. या दगडात ती ९० टक्क्यांहून जास्त असू शकते, आणि सुका कापला-घासला की धूळ फुफ्फुसात बसते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिस या आजाराला बरं करणारा उपाय नाही. तरुण कामगार त्यात गेलेत. आधी बसवलेला दगड काढायची सक्ती नाही, रोज वापरायला धोका नाही, किरकोळ दुरुस्तीही नियमात बसवून होते. पण घरात ग्राइंडर सुका चालवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मेधाताई, तुमच्या संगमरवरात सिलिका अगदी थोडी असते, ग्रॅनाइटमध्ये मात्र बरीच. तरीही पाणी लावूनच काम व्हायला हवं, नाहीतर भांड्याच्या कपाटांत पीठ उडाल्यासारखं होईल. कपाटं प्लॅस्टिकनं झाकायचं काम त्याचं की तुमचं, हे कोटमध्ये लिहून घ्या.

कागदपत्रांचंही सांगते. कोटवर एबीएन, म्हणजे व्यवसायाचा नोंदणी क्रमांक, आहे का बघा, तो सरकारी साइटवर फुकट तपासता येतो. १० टक्के जीएसटी धरून किंमत आहे का, तेही. पब्लिक लायबिलिटी विम्याचं सर्टिफिकेट मेलवर मागवा. स्लॅब त्याच्या हातून तडकली तर ते त्यात बसतं का, तेही विचारा. आणि त्यानं हमी दिली किंवा नाही दिली तरी ग्राहक कायद्यानं काम काळजीपूर्वक आणि कौशल्यानं करणं त्याला बंधनकारक आहे, वाद झाला तर व्हीकॅट, म्हणजे असे वाद निवडणारं व्हिक्टोरिया राज्याचं न्यायाधिकरण, आहे. आधी-नंतरचे फोटो मात्र ठेवा.

प्रेषक: नीलिमा, ब्रन्स्विक

दगडाचा विषय निघालाच आहे तर अंगणातल्या ब्लूस्टोनचं विचारते. पांढरी पूड येते आणि एकानं आम्लानं धुऊन देतो म्हटलंय.

प्रेषक: अनिरुद्ध, बॉक्स हिल

नीलिमा, मुळीच नको. मेलबर्नचा ब्लूस्टोन म्हणजे बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण याच जातीचा. त्यात लोह असतं, आम्लानं तांबूस डाग फुटू शकतात. पांढरी पूड बहुधा खालून ओलीबरोबर वर येणारे क्षार. कोरड्या ब्रशनं झाडा, पाणी कुठून मुरतंय ते शोधा, आणि दगड पुरता सुकल्याशिवाय सीलर लावू देऊ नका, नाहीतर क्षार आत अडकतील.

प्रेषक: मेधा, ग्लेन वेव्हर्ली

काका, गायत्री, आभार.

दुसऱ्याला पुन्हा बोलावलं. फ्रिजच्या बाजूला वीतभर जागा ४०० च्या पॅडपासून पाणी लावून करून दाखवली, गढूळ पाणी सोबत आणलेल्या व्हॅक्युमनं ओढून घेतलं. ठसे गेले. फक्त ठशांपुरतं घासलं तर चकचकीत ओट्यात ते ठिगळासारखं दिसेल, असं तो स्वतःच म्हणाला, म्हणून सगळी पट्टी मॅट करून घेतोय. मॅटवर पुढचे ठसे कमी उठून दिसतात. सीलर शेवटी, तोही तेल-हळदीपुरता. केव्हा पुन्हा लावायचा ते पाण्याचा थेंब दहा-पंधरा मिनिटं ठेवून बघायचं, दगड गडद झाला की वेळ आली.

पहिल्याला दहा वर्षांची हमी कशाची ते लिहून मागितलं, उत्तर नाही. समईच्या डागावर दुसरा लेप चालू आहे, फिकट झालाय. उपकरणी आता लाँड्रीच्या स्टीलच्या सिंकमध्ये घासतो. त्या माणसाचा नंबर हवा असेल त्यांनी मला वेगळा मेल करा, इथे टाकत नाही. तो म्हणतो दिवाळीआधी तारखा नाहीत.

मेधा