मदत हवी आहे: करारनाम्यातल्या कलम ७ वर सही करू का?

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, मुलांसाठी गोष्टी लिहिते. सहा वर्षांपूर्वी पहिला संग्रह इथल्याच एका छोट्या प्रकाशकांनी काढला. मी त्यांना काका म्हणते. कराराचं विचारलं तर "आपल्यात कसला आलाय कागद!" म्हणाले, आणि खरं सांगते, मला तेव्हा बरंच वाटलं. पाच हजार रुपये आणि पंचवीस प्रती मिळाल्या. नंतर आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. दुसरीचं एका शाळेतल्या बाईंनी सांगितलं, तिसरी पुस्तक प्रदर्शनात माझी मीच पाहिली. हिशेब मी मागितला नाही, त्यांनी दिला नाही.

आता दुसरा संग्रह तयार आहे आणि या वेळी काकांनी आपणहून करारनामा पाठवलाय. दोन पानी, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर. एकरकमी १५,०००, छापील, ई-बुक, ऑडिओ सगळं त्यांचं. यावर बोलता येईल. पण कलम ७ जसंच्या तसं टंकते:

"सदर पुस्तकाचे तसेच लेखिकेच्या प्रकाशकाने यापूर्वी प्रसिद्ध केलेल्या साहित्याचे सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील."

त्या "यापूर्वी"वर माझी नजर दुसऱ्या वाचनात अडली. पहिल्या पुस्तकाचा राहिलेला कागद दुसऱ्याच्या आडून करून घेतायत!

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचलं. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशीच. मग पहिल्या पुस्तकाचे हक्क अजून माझेच ना, आत "सर्व हक्क प्रकाशकाधीन" छापलं असलं तरी? मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात असंही त्यात आहे, पण इथे "कायमस्वरूपी" लिहून ती वाट बंद केलीय.

ती ओळ पेनने खोडून सही केली तर चालेल का? आणि काकांना हे सांगायचं कसं? मुलीच्या बारशाला आले होते हो ते.

प्रतिसाद:
ताई, हक्क तुमचेच. छापायला तुमची संमती होती एवढं ते म्हणू शकतील, मालकी सांगता येणार नाही. खोडलंत तर शेजारी दोघांच्या सह्या हव्यात, दोन्ही प्रतींवर. त्यापेक्षा नवीन टाइप करून घ्या. हक्क देऊन टाकू नका, फक्त परवाना द्या: मराठी, छापील, ५ वर्षं, दर आवृत्तीला छापील किमतीवर ठरेल ती टक्केवारी. ऑडिओचं नावच नको. पहिल्या पुस्तकाचा करार वेगळा, मागच्या दोन आवृत्त्यांच्या हिशेबासकट. काकांना म्हणा, "आमच्या घरचे कागद वाचल्याशिवाय सही करू देत नाहीत." हे कुणालाच लागत नाही. आणखी एक. कलम १९ नुसार हक्क लिहून घेतलेल्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर ते परत येतात, पण करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. तेवढं बघा.

धागाकर्ती:
बघितलं. कलम ९: "पुस्तक प्रकाशित करण्यास कोणतीही कालमर्यादा राहणार नाही." मी त्यावरून सरळ पुढे गेले होते. आज संध्याकाळी काकांकडे जाते, कोरा कागद घेऊन.