शंभर मीटरचा राक्षस चिखलात किती रुतेल?

कथा लिहितेय. माझा राक्षस माणसाच्या 60 पट उंच आहे, आकार अगदी माणसासारखा. ओल्या चिकणमातीवर चालेल का? तळवेही तेवढेच मोठे आहेत की!

उत्तर १
तळव्यांचं क्षेत्रफळ 60×60 म्हणजे 3,600 पट, पण वजन 60×60×60 म्हणजे 2,16,000 पट! हा हिशेब गॅलिलिओने 1638 मध्येच मांडला होता. म्हणजे दाब 60 पट. आपण एका पायावर उभे राहिलो की साधारण 35 किलोपास्कल; त्याचा 2,000 च्या वर. मऊ चिकणमाती 100 च्या आसपासच हार मानते. पहिल्याच पावलाला पाय खचणार.

उत्तर २
खरी पंचाईत पाय उपसताना आहे. तळव्याखाली पोकळी होते, हवा शिरत नाही, चिखल खाली ओढतो. चिखलात रुतलेला पाय मी आधी टाच हलवून सोडवते. कडेने हवा शिरली की पचकन सुटतो. हत्तीचा पाय भार पडला की पसरतो, उचलला की आक्रसतो. राक्षसाला तसेच पाय द्या ना!

प्रश्नकर्ती
मग तो पूर्ण बुडेल?

उत्तर १
नाही. पातळ चिखलही शरीरापेक्षा जड असतो. कमरेच्या वर कुठेतरी तरंगत अडकेल, आकार कितीही असो.