मदत हवी आहे: खपली गहू उखळात सडण्याबद्दल, म्हणजे कांडून तूस काढण्याबद्दल (इजिप्तवरील कादंबरीसाठी)

इजिप्तचा राजा तिसरा रामसेस याच्या राजवटीचं 29वं वर्ष, म्हणजे इ.स.पू. 1157च्या सुमाराचा काळ. देर अल-मदिना या गावातल्या थडगी खोदणाऱ्या कारागिरांनी धान्य थकलं म्हणून काम थांबवलं, तो संप कादंबरीचा कणा आहे. मी अडलोय ते संपाआधीच्या स्वयंपाकघरात.

साध्या कारागिराचा महिन्याचा पगार 4 खार एमर गहू आणि दीड खार जव. खार साधारण 76 लिटरची, म्हणजे रोज जवळपास 10 लिटर गहू, तोही तुसासकट. एमर म्हणजे आपली खपलीच. ती थोडी ओलावून, जमिनीत पुरलेल्या दगडी उखळात लाकडी मुसळाने सडायची, वाळवून पाखडायची आणि मग पाट्यासारख्या दगडावर दळायची, इथपर्यंत क्रम पक्का आहे. (फिरतं जातं तेव्हा नव्हतं, कृपया सुचवू नका.)

कोरडी खपली लोखंडी खलात कांडून पाहिली. तूस निघण्याआधीच दाणे फुटले. पाणी जास्त झालं की सगळं चिकटतं. दुकानातली सडलेली खपली इथे उपयोगाची नाही आणि गिरणीचा अनुभवही नको.

सांगली-साताऱ्याकडे ज्यांच्या घरी खपली हाताने सडली आहे त्यांनी सांगावं: किलोला पाणी किती, ते लावून किती वेळ ठेवायचं, एका बाईला किलोभर सडायला किती वेळ लागतो, आणि तूस सुटलं हे मुसळाच्या आवाजावरून कळतं का?