हब बदलले, ब्रेक कंपनीचेच ठेवले. मग हरकत कशाला?

जांबोटी रस्ता
परवा या फोरमवर एका सभासदाने लिहिले की, त्यांनी मारुती ८०० चे हब (चाक ज्यावर आवळले जाते तो भाग) बदलून पीसीडी, म्हणजे चाकाच्या नटांच्या छिद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, ११४.३ मिलिमीटरवरून १०० वर आणली, १३ इंची अलॉय चाके बसवली आणि ‘ब्रेक कंपनीचेच असल्यामुळे सुरक्षिततेचा प्रश्नच उद्भवत नाही’. त्याखाली अनेकांनी वर्कशॉपचा पत्ता मागितला. मात्र त्या शेवटच्या वाक्याला एकानेही हरकत घेतली नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हबला हात लावला म्हणजे ब्रेकला हात लावला. पुढची डिस्क हबवर बसते. फ्लँजची, म्हणजे हबच्या चकतीची, जाडी बदलली तर डिस्क तिला दोन्हीकडून दाबणाऱ्या कॅलिपरच्या मध्यावर राहत नाही, आणि फ्लँज किंचित वाकडी कातली गेली तर डिस्क डोलते व ब्रेक दाबताच पेडल पायाखाली थरथरू लागते. मागच्या बाजूला तर वादालाच जागा नाही. ८०० मध्ये मागचा ड्रम हाच हब आहे. बेअरिंग त्यातच आणि चाकाचे नट ज्यांवर बसतात ते स्टडही त्यातच. मग तेथे हब बदलून ब्रेक मूळचा कसा राहिला? एक तर ड्रम दुसऱ्या गाडीचा असणार, नाही तर मूळ ड्रमलाच नवी छिद्रे पाडलेली असणार. यांपैकी काय केले, हे त्यांनी लिहिलेले नाही.

चाकाचेही तसेच. मूळच्या १४५/७० आर १२ टायरचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर भरतो, १५५/६५ आर १३ चा सुमारे ५३२. ब्रेकचा टॉर्क (चाकाला रोखणारा पीळ) तेवढाच राहिला, तरी मोठ्या चाकामुळे रस्त्यावर मिळणारा रोध साडेचार टक्क्यांच्या आसपास कमी होतो, आणि स्पीडोमीटरही जवळपास तेवढाच वेग कमी दाखवतो. कणकुंबी सोडून चोर्ला घाट केरीकडे उतरताना हे दोन्ही फरक एकाच वेळी आपल्या विरोधात जातात.

उद्यमबाग
माझे स्वतःचे मशीन शॉप आहे आणि अशी कामे मी केली आहेत, म्हणून उत्तर देणे भाग आहे. दोन्ही वर्तुळांच्या त्रिज्यांत ७.१५ मिलिमीटरचाच फरक असल्यामुळे जुन्या छिद्राच्या रेषेत नवे छिद्र पाडता येत नाही. म्हणून आम्ही ४५ अंश फिरवून पाडतो. तेथे जुन्या-नव्या छिद्रांच्या केंद्रांमध्ये ४१ मिलिमीटर अंतर मिळते, जे १२ मिलिमीटरच्या स्टडला पुरेसे आहे. हे काम हातातल्या ड्रिलने होत नाही. व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) मधल्या बोअरला डायल गेज लावून केंद्र घेतले जाते.

राहता राहिले आपले साडेचार टक्के. रिकाम्या ८०० चे वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास असते. चार माणसे बसली की ते सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढते. तेव्हा कोणी धागा काढत नाही.

बीड आणि वाळू
छिद्रांमधले अंतर पुरेसे आहे, परंतु ते कोणत्या धातूत आहे? पुढचा हब पोलादी फोर्जिंगचा (ठोकून घडवलेला) असेल तर एक वेळ आपले म्हणणे चालेल. तेही दोन स्टडांच्या मध्ये फ्लँज पूर्ण गोल असेल तरच, कारण वजन वाचवण्यासाठी अनेक हबांची फ्लँज नेमकी तेथेच कापलेली असते. मागचा ड्रम मात्र बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. हे बीड, म्हणजे ग्रे आयर्न, दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही, आणि तुटण्यापूर्वी वाकून सूचनाही देत नाही. चार छिद्रांसाठी ओतलेल्या बिडात आठ छिद्रे झाली की प्रत्येक खड्ड्याचा धक्का उरलेल्या धातूवर जातो. माझे आयुष्य फाउंड्रीत गेले. एका परिचिताचा असाच ड्रम मी हातात घेतला होता. जुन्या छिद्रापासून नव्या छिद्रापर्यंत केसाएवढी चीर गेलेली होती आणि गाडी त्याच आठवड्यात आंबोली उतरून आलेली होती. जुनी छिद्रे वेल्डिंगने भरणे हा तर त्याहून वाईट उपाय आहे. वेल्डच्या कडेचे बीड काचेसारखे ठिसूळ होते.

उद्यमबाग
बेळगावात कातलेले सुटे भाग परदेशांतल्या यंत्रांत बसतात. कोल्हापूरपासून हुबळीपर्यंतचे कारखाने आमच्याकडे काम पाठवतात. परंतु आपल्याच गावातल्या माणसाने चार छिद्रे पाडली की आपल्याला लगेच चीर दिसू लागते. एका परिचिताच्या एका ड्रमवरून उद्यमबागेच्या संपूर्ण औद्योगिक वसाहतीला नापास करणे हा अन्याय आहे, आणि तो फाउंड्रीतल्या माणसाने करावा याचे अधिक वाईट वाटते.

बीड आणि वाळू
मी उद्यमबागेला नापास केलेले नाही, माझी रोजीरोटीही तेथेच आहे. परदेशी जाणाऱ्या भागाबरोबर ड्रॉइंग येते, धातूचा ग्रेड ठरलेला असतो, प्रत्येक हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूचा) नमुना तपासला जातो आणि एक भाग नापास झाला तर अख्खा लॉट परत येतो. आपण ज्या हबला छिद्रे पाडता त्याचे ड्रॉइंग आपल्याकडे आहे काय? त्याची कडकपणा चाचणी कोणी केली? तोच ऑपरेटर आणि तेच मशीन असूनही येथे तपासणी नाही, एवढेच मी म्हणतो आहे. माझ्यावर गावद्रोहाचा आरोप करण्याऐवजी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

एमएच ०९
मी चंदगड तालुक्यात राहतो आणि नोकरीसाठी रोज बेळगावला येतो. महाराष्ट्राच्या पाटीमुळे मला कर्नाटकात अडवतात, आणि माझ्या भावाला केए २२ च्या पाटीमुळे महाराष्ट्रात. अशा माणसाने गाडीत बदल करावा की नाही, याचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. मोटार वाहन कायद्याचे गाडीतील बदलांविषयीचे कलम ५२ दोन्ही राज्यांत एकच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार मालकाने परवानगी नसलेला बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिला प्रश्न हाच विचारेल.

उद्यमबाग
आरसीवर पीसीडी लिहिलेली नसते.

एमएच ०९
सर्व्हेअरला आरसी वाचण्याची गरज नाही. त्याला चाक दिसते.

तवंदीचा चढ
मी निपाणीचा, आणि माझी ८०० अजून रोज धावते. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तेव्हापासून १२ इंची टायर मागायला गेलो की दुकानदार मिळेल तो एकच ब्रँड पुढे करतो, तोही कधी बनला आहे हे आपणच पाहून घ्यावे लागते. चार वर्षे दुकानात पडलेला टायर घालण्यापेक्षा ताजा १३ इंची टायर घालणे अधिक सुरक्षित नाही काय? येथे सर्वजण छिद्रांवर भांडत आहेत, पण माणूस हा बदल का करतो, हे कोणी विचारत नाही.

जांबोटी रस्ता
आपली अडचण खरी आहे, आणि ताज्या टायरचा मुद्दा मी नाकारत नाही. परंतु त्यासाठी पीसीडी बदलण्याची गरज नाही; ११४.३ ची, योग्य ऑफसेटची (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतच्या अंतराची) १३ इंची रिम शोधली तर हब, डिस्क आणि ड्रम यांपैकी कशालाही हात लागत नाही. शोधायला वेळ लागेल, हे मान्य. रोध कमी होण्याचा हिशेब तेव्हाही तोच राहील, हेही लक्षात घ्यावे. मात्र हब आणि चाकाच्या मध्ये वेगळ्या पीसीडीचे चाक जोडणारी अडॅप्टरची चकती घालू नये. प्रत्येक बाजूला चाक २५ मिलिमीटर बाहेर गेले की बेअरिंगवरचा भार वाढतो आणि खड्ड्यात स्टीअरिंग हाताला झटका देते.

उद्यमबाग
बिडाच्या ड्रमला मी यापुढे छिद्रे पाडणार नाही, एवढे लिहून देतो. ड्रॉइंगचा प्रश्न विचारणाऱ्याची पद्धत मला आवडलेली नाही, तरी प्रश्न बिनतोड आहे. पुढच्या पोलादी हबबद्दल मात्र माझे मत कायम आहे. काम झाल्यावर डिस्कचा डोल डायलवर ०.१ मिलिमीटरच्या आत आला आणि नट टॉर्क रेंचने आवळले, तर त्या हबला नावे ठेवण्याचे कारण नाही.

बीड आणि वाळू
फ्लँज पूर्ण गोल असेल तर. ही अट गाळू नये.

८०० चा मालक
ज्यांच्या लिखाणावरून एवढा वाद झाला तो मीच. प्रश्न सरळ विचारला असता तर पहिल्याच दिवशी उत्तर दिले असते. मागचे ड्रम मूळचेच आहेत आणि त्यांना छिद्रे पाडलेली आहेत. पुढच्या हबची फ्लँज पूर्ण गोल आहे, हे आज चाक काढून पाहिले. ड्रम उतरवून डाय-पेनिट्रंट (चिरा दाखवणारा रंग) लावून घेतो. चीर दिसो वा न दिसो, त्यांच्या जागी काय बसवायचे ते उद्यमबागवाल्यांनी सुचवावे. ते होईपर्यंत गाडी शहराबाहेर नेणार नाही. अलॉय मात्र मी विकणार नाही.