शब्दचर्चा: कारवानी की मुधोळ, पॉम की स्पिट्झ? कुत्र्यांच्या जातींची नावं

पेठेतला

कर्वे रस्त्यालगतच्या एका दवाखान्याचा (कुत्र्यामांजरांचा) केसपेपर मराठीत करायचा आहे. त्यात 'प्रजाती' असा रकाना आहे आणि खाली वीसेक नावं छापायची आहेत, येणाऱ्याने नुसती खूण करायची. यादी जुळवायला बसलं की प्रत्येक नावाची दोन-तीन रूपं निघतात. अल्सेशियन का जर्मन शेफर्ड? कारवानी आणि मुधोळ एक का दोन? डॅशहाउंड, डॅशुंड, डाक्सहुंड यांतलं खरं कुठलं? पॉमेरेनियनचं तर पामेरियन, पामोलियन, काय वाट्टेल ते केलेलं दिसतं. सोमवारी छपाईला जायचंय.

अनुस्वार

आधी रकान्याचं नाव बदला. 'प्रजाती' ही हिंदीची उसनवारी. हिंदीत प्रजाति म्हणजे स्पीशीज. आपल्या शाळेच्या पुस्तकातली उतरंड आठवा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे मराठीत प्रजाती ही जीनस झाली. त्या हिशेबाने कुत्रा, लांडगा आणि कोल्हा तिघांची प्रजाती एकच, कॅनिस. तेव्हा 'प्रजाती: पग' हे दोन पायऱ्या वर जाऊन चुकतं.

'जात' म्हणा. पुस्तकात जाती म्हणजे स्पीशीज हे खरं, पण गोठ्यात हा शब्द ब्रीडसाठी कधीचा रुळलाय: खिल्लार, देवणी, पंढरपुरी म्हैस, उस्मानाबादी शेळी. 'नस्ल' नको. 'वाण' तर नकोच. एक ज्वारीचा असतो, दुसरं संक्रांतीचं.

लकडीपूल

नुसतं 'जात' छापलंत तर निम्मे लोक स्वतःची लिहून जातील. 'कुत्र्याची जात' असं पूर्ण छापा.

सारमेय

कारवानी-मुधोळचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त भांडण तिथेच आहे. कुत्रा एक, दफ्तरं दोन. केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे केसीआय, त्याची नोंद 'कॅरॅव्हन हाउंड' म्हणून करतो. इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' म्हणून. कारवान म्हणजे काफिला. व्यापारी आणि सैन्याच्या तांड्यांबरोबर पश्चिम आशियातून आलेले, नजरेने शिकार हेरून पळत गाठणारे सडपातळ कुत्रे हे याचे पूर्वज मानले जातात, म्हणून दख्खनच्या खेड्यांत हा कारवानी. मुधोळ हे गाव बागलकोट जिल्ह्यातलं, घोरपड्यांचं संस्थान. मालोजीराव घोरपड्यांनी या कुत्र्याच्या पैदाशीकडे लक्ष दिलं आणि संस्थानाचं नाव कुत्र्याला चिकटलं. 2005 मध्ये टपाल खात्याने कुत्र्यांची चार तिकिटं काढली. हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड आणि राजपालयम यांच्या जोडीला जे चौथं होतं त्यावर 'मुधोळ हाउंड' छापलं. शहरात हेच नाव जास्त चालतं.

तिसरं नाव पश्मी. ती वेगळी जात नव्हे. कानांवर, पायांच्या मागच्या बाजूला आणि शेपटीला रेशमी झालर असलेला कारवानी म्हणजे पश्मी. फारसी 'पश्म' म्हणजे लोकर, पश्मिना त्यातलाच. विकणारे 'पश्मी वेगळी ब्रीड आहे' म्हणून जादा भाव सांगतात, तिकडे कानाडोळा करावा.

यादीत एका चौकटीपुढे 'कारवानी / मुधोळ / पश्मी' छापा.

लकडीपूल

कुत्रा संस्थानाच्या आधीचा आहे. मग मुधोळ कशाला? नुसतं कारवानी ठेवा.

सारमेय

नावाचा हक्क कुणाचा हे केसपेपरवर ठरत नाही. मालकाकडे केसीआयचा कागद असेल तर त्यावर कॅरॅव्हन हाउंड असतं, दुसऱ्या क्लबचा असेल तर मुधोळ. मागचा पेपर शोधताना एकच नाव छापलेलं असलं की अर्धे कागद सापडत नाहीत. म्हणून दोन्ही.

आणि नावापेक्षा ओळखीतच घोटाळा जास्त होतो. लांब पायांचा, बारीक कमरेचा कुठलाही कुत्रा दिसला की 'मुधोळ आहे' म्हणतात. बघायचं ते असं: डोकं लांब आणि निमुळतं, छाती खोल आणि पोट कमरेपाशी एकदम वर ओढलेलं. चांगल्या तब्येतीच्या कारवानीच्याही कमरेची हाडं वरून दिसतात. ती बघून लोक कुत्रा उपाशी ठेवलाय समजतात आणि खायला घालून घालून त्याचं गाढव करतात.

दवाखाना

ही चौकट वेगळी हवी याला आमच्याकडचं कारण निराळंच आहे. ग्रेहाउंडच्या बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगात चरबी फार कमी. थायोपेंटोनची भूल दिली तर ती उतरायला फार वेळ घेते, डोस वजनावर मोजून दिला तरी. कारवानीच्या मालकाने 'देशी' वर खूण केली आणि घाईत कुणी नीट पाहिलं नाही, तर हे निसटतं.

असंच दुसरं नाव म्हणजे कोली. (कोळी नव्हे, एका पेपरावर तेही लिहिलेलं आढळतं.) कोलीत आणि त्याच्या नात्यातल्या शेल्टीत (शेटलंड शीपडॉग) एमडीआर-1 या जीनचा दोष बराच आढळतो. तो असला की आयव्हरमेक्टिन हे औषध मेंदूत शिरतं. खरुजेला वापरतात त्या मोठ्या मात्रेत दिलं तर कुत्रा झोकांड्या खातो, आंधळा होतो, बेशुद्धही पडतो. लॅबला (लॅब्रॅडॉरला) चालतं म्हणून कोलीला चालेल असं नाही. पुण्यात कोली कमी, पण क्रॉस येतात. 'कोली क्रॉस' लिहायला जागा ठेवा.

पेठेतला

ठेवतो. पॉमचं काय?

सारमेय

पुण्यात ज्याला आपण पॉम म्हणतो, त्यातले बहुतेक पॉमेरेनियन नसतातच. तो इंडियन स्पिट्झ. 'स्पिट्झ' हा जर्मन शब्द, अर्थ टोकदार: टोकदार तोंड, टोकदार कान. जर्मन स्पिट्झचे पाच आकार मोजले जातात आणि त्यातला सगळ्यात लहान तो पॉमेरेनियन. पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा मुलूख, आज बराचसा पोलंडमध्ये. नावाचाच अर्थ 'समुद्राकाठचा'.

फरक असा पडताळा. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याची खांद्यापाशी उंची मोजा. मानेवर नाही, डोक्यावर तर नाहीच. जिथे खांद्याची हाडं वर येतात तिथे. केस इतके असतात की टेप त्यांच्यावरच टेकते, म्हणून बोटांनी केस बाजूला करून हाड शोधायचं. पॉमेरेनियन 18 ते 24 सेंमी, वजन दीड ते साडेतीन किलो. पाच-सहा किलोच्या पुढचा पांढराशुभ्र 'पॉम' म्हणजे स्पिट्झच. पिल्लं सहा-सात आठवड्यांची असताना दोन्ही कापसाचे गोळे, तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका, आई-बाप बघा.

यादीत 'पॉमेरेनियन' आणि 'स्पिट्झ' या दोन चौकटी शेजारीशेजारी द्या. लोक खूण पॉमवरच करणार. खात्रीचा आकडा वजनाच्या रकान्यातून मिळेल.

अनुस्वार

आता उच्चार. डाक्सहुंड: 'डाक्स' म्हणजे बॅजर, बिळात राहणारा प्राणी. 'हुंड' म्हणजे कुत्रा, कुठलाही कुत्रा. बिळात घुसून बॅजरला गाठायचं म्हणून आखूड पाय. जर्मनीत शेवटचा ड हा ट सारखा वाजतो, म्हणजे नेमकं 'डाक्सहुंट', पण एवढं खोल कुणी शिरत नाही. तिथले लोक रोजच्या बोलण्यात 'डाकल' म्हणतात. मराठीत 'डाक्सहुंड' लिहा. 'डॅशहाउंड' इंग्रजी स्पेलिंग इंग्रजी धाटणीने वाचल्यामुळे झालं आणि त्यामुळे तो हाउंड आहे असा समज पसरला. (इंग्रज त्याला हाउंड गटात घालतातच म्हणा. एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मात्र त्याला स्वतःचा वेगळा गट दिला आहे.)

तोच न्याय रॉटवायलरला. रॉटवाइल हे दक्षिण जर्मनीतलं गाव, तेव्हा 'रॉटविलर' नाही. चिवावा हे मेक्सिकोतलं राज्य. 'चिहुआहुआ' वाचताना जीभ अडखळते ती उगाच नाही. ल्हासा अप्सोला मात्र काही करायला नको. ल्ह आपल्या तोंडात आहेच, कोल्हा म्हणतोच की.

ग्रेट डेनचा डेन्मार्कशी संबंध नाही. तो जर्मन कुत्रा, जर्मनीत 'डॉइचे डोगे'. लॅब्रॅडॉर हाही लॅब्रॅडॉरचा नसून न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या कुत्र्यांपासून आलेला. ही नावं भूगोल म्हणून चुकीची आहेत, कुत्र्याचं नाव म्हणून बरोबर. बदलू नका.

लकडीपूल

अल्सेशियन मग? सदाशिव पेठेतल्या पाट्यांवर अजून तेच दिसतं.

सारमेय

पाटी जुनी आहे, कुत्रा तोच. 1899 मध्ये जर्मनीत या जातीची संघटना निघाली, नाव जर्मन मेंढपाळ कुत्रा. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये 'जर्मन' शब्द नकोसा झाला, म्हणून सरहद्दीवरच्या अल्सेस मुलखाचं नाव घेऊन 'अल्सेशियन वुल्फ डॉग' केलं. पुढे लांडगा गळाला, अल्सेशियन राहिलं. आपल्याकडे ते इंग्रजांबरोबर आलं. 1977 मध्ये ब्रिटिश केनेल क्लबने जर्मन शेफर्ड परत आणलं. केसीआयच्या कागदावर जर्मन शेफर्डच असतं. छापा 'जर्मन शेफर्ड', कंसात अल्सेशियन. साठीच्या पुढचे लोक कंसातलंच वाचतील.

गोल्डन लॅब ही मात्र चूकच. लॅब्रॅडॉर तीन रंगांत: काळा, पिवळा, चॉकलेटी. पिवळ्याला लोक गोल्डन म्हणतात. गोल्डन रिट्रीव्हर वेगळा, त्याच्या पोटाला, पायांना आणि शेपटीला लांब झालर. लॅबची शेपटी मुळाशी जाड, झालरीशिवाय. शेपूट बघितली की भांडण मिटतं.

दवाखाना

बाजारातले शब्दही सांगून ठेवतो, कारण लोक तेच केसपेपरवर लिहितात.

'डबल कोट' म्हणजे विक्रेत्याच्या भाषेत लांब केसांचा. खरा अर्थ वेगळा: वरचे राठ केस आणि खाली मऊ लोकर असे दोन थर. आखूड केसांचा जर्मन शेफर्डही डबल कोटच, लॅबही. हे माहीत नसल्याने उन्हाळ्यात स्पिट्झचा तासून गोटा करतात. वरचा थर गेला की त्वचेवर थेट ऊन येतं, आणि केस परत येतात ते कधीकधी चट्ट्याचट्ट्यांनी. विंचरून खालची सुटलेली लोकर काढायची, वस्तरा फिरवायचा नाही.

'डबल बोन' असं काही नसतं, जाड हाडाचं पिल्लू एवढाच अर्थ. 'पंच फेस' म्हणजे नाक आत दाबलेलं. 'टीकप' ही जात नाही, लहान राहिलेलं पिल्लू. कधी आजारी म्हणून लहान राहिलेलं.

ल्हासा आणि शीत्झूही उलटसुलट लिहिलेले येतात. नाकाच्या टोकापासून डोळ्यांमधल्या खळगीपर्यंत मोजा. शीत्झूचं अंतर अडीच सेंमीच्या आसपास, ल्हासाचं चारच्या आसपास. हा दीड सेंमी महत्त्वाचा. चपट्या नाकाच्या जाती अनेक विमान कंपन्या नेत नाहीत. ल्हासाच्या दाखल्यावर चुकून शीत्झू लिहिलं, तर विमानतळावर कोण ऐकणार?

पेठेतला

आणि ज्याची काहीच जात नाही तो? मसुद्यात 'भटका' आहे.

अनुस्वार

'भटका' ही जात नव्हे, तो पत्ता झाला. घरात सोफ्यावर झोपणारा भटका कसा? 'मोकाट' तर गुन्हाच. 'पराया' किंवा 'पॅरिया' नकोच. ते तमिळ परैयर समाजाचं नाव, कुत्र्याला शिवी म्हणून लावलेलं. 'इंडी' अलीकडचं, कोरेगाव पार्कात चालतं. 'गावठी' मला आवडतो, कोंबडीला लावला की लोक जादा पैसे देतात, पण कुत्र्याला लावला की तोंड वाकडं करतात. छापायला 'देशी' बरा.

दवाखाना

डॉक्टर 'एनडी' लिहितात, नॉन-डिस्क्रिप्ट. मालक विचारतात हा कुठला आजार. 'देशी' छापाच. आणि 'मिश्र' वेगळं ठेवा, पुढे दोन ओळी: आईची जात, वडिलांची जात. महापालिकेच्या परवान्याला रेबीजच्या लशीचा दाखला लागतो. दाखल्यावर एक नाव आणि परवान्यावर दुसरं असलं की प्रश्न येतात, तेव्हा चिप असेल तर तिचा 15 अंकी क्रमांक शेजारी लिहायला जागा ठेवा. नाव बदलेल, क्रमांक बदलत नाही.

सारमेय

मिश्रच्या ओळीवर एक सूचना. 'पिटबुल' फक्त दिसण्यावरून लिहू देऊ नका. मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुलसह 23 प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घालायला सांगणारं पत्र काढलं होतं. त्यात 'टोसा इनू' एकदा आणि 'जॅपनीज टोसा' पुन्हा एकदा, म्हणजे एकच कुत्रा दोनदा. वर नुसतं 'टेरियर्स' असंही होतं, त्यात यॉर्कशायरचं तीन किलोचं बाहुलंही बसतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. पण केसपेपरवर एकदा पिटबुल पडलं की सोसायटीच्या बैठकीत तोच कागद पुढे करतात. आई-बाप माहीत नसतील तर 'मिश्र' वर खूण आणि वजन, बस्स.

पेठेतला

मसुदा असा झाला. रकाना: 'कुत्र्याची जात'. पहिल्या ओळीत देशी आणि मिश्र (आई / वडील). पुढे कारवानी / मुधोळ / पश्मी, जर्मन शेफर्ड (अल्सेशियन), लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन, स्पिट्झ, डाक्सहुंड, पग, शीत्झू, ल्हासा अप्सो, रॉटवायलर, डॉबरमन, ग्रेट डेन, कोली, बीगल, चिहुआहुआ. शेवटी चिप क्रमांकाला पंधरा घरं.

अनुस्वार

चिवावा.