‘टिंबर फ्रेम’ : चौकट, सांगाडा की आणखी काही?

प्रश्न : घरबांधणीवरची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणतोय. ‘टिंबर फ्रेम’ला ‘लाकडी चौकट’ लिहिलं, तर बायकोने विचारलं, “दाराची की खिडकीची?” त्यात चित्रातलं घर बाहेरून चक्क विटांचं! शिवाय ‘मॉडर्न मेथड्स ऑफ कन्स्ट्रक्शन’ला ‘आधुनिक बांधकाम पद्धती’ चालेल का?

प्रतिसाद : विटा तिथे बहुधा अंगरख्यासारख्या आहेत. छपराचा नि मजल्यांचा भार आतल्या लाकडावर असतो. जाड खांब, त्यावर तुळया, सांध्यात कुसू (एका लाकडाच्या खाचेत बसणारं दुसऱ्याचं टोक) असं जुन्या धाटणीचं काम असेल तर ‘लाकडी सांगाडा’ अगदी बरोबर. मांस काढलं तरी सांगाडा उभा राहतो, तसंच इथे भिंती काढल्या तरी घर उभं राहतं.

पण हल्लीचं काम वेगळं. साधारण ३८ × १४० मिमीच्या उभ्या पट्ट्या, ४०० किंवा ६०० मिमी अंतराने, वर-खाली आडव्या पट्ट्या. ही नुसती चौकट कडेने ढकलली तर तिचा समांतरभुज चौकोन होतो. त्यावर लाकडी कपच्यांचा दाबीव तक्ता ठोकला की मग ती जागची हलत नाही. म्हणजे भार पट्ट्या घेतात आणि वाऱ्याचा रेटा तक्ता. इथे कातडंही हाडाचं काम करतं, म्हणून ‘सांगाडा’ तोकडा पडतो. मी ‘चौकटी भिंत’ म्हणेन.

दुसऱ्या शब्दाबद्दल माझं मत जरा कडक आहे. ‘आधुनिक’ने काहीच कळत नाही. लंडनचा क्रिस्टल पॅलेस १८५१ साली कारखान्यात ओतलेले लोखंडी भाग आणि ठरावीक मापाच्या काचा जोडूनच उभा राहिला, मग आधुनिक कशाला म्हणायचं? खरा मुद्दा काम जागेवरून कारखान्यात जाण्याचा आहे. ‘कारखान्यातली बांधणी’ लिहा. ब्रिटिश सरकारने २०१९ साली केलेल्या या पद्धतींच्या वर्गवारीचा उल्लेख असेल तर मात्र मूळ नाव देवनागरीत ठेवा, कारण तिच्या सात प्रकारांत जागेवरच्या कामाच्या सुधारणाही येतात.

प्रश्नकर्ता : ‘चौकटी भिंत’ आवडलं. आता ‘मॉड्यूल’? अख्खी खोली, नळ-वायरींसकट, ट्रकवरून येते ती.

प्रतिसाद : खण! घर खणांनी मोजायची आपली सवय जुनीच आहे.

दुसरा प्रतिसाद : थांबा. खण म्हणजे दोन खांबांमधला किंवा तुळयांमधला गाळा, मोकळी जागा. ट्रकवरून येते ती सहा बाजूंनी बंद पेटी. ‘तयार खण’ म्हणा हवं तर.

प्रश्नकर्ता : आणि कपाटाचा खण?

दुसरा प्रतिसाद : ‘पाच खणांचं घर’ ऐकून कपाट कुणाला आठवतं?